तीन दिवसांचं शूट, सात दिवसांचं काम

पत्र थोडक्यात: लिहिणारा चौतिशीतला फूड स्टायलिस्ट आहे, म्हणजे फोटो आणि जाहिरातींसाठी पदार्थ सजवून देणारा. बरीच वर्षं स्वतःच्या शहरात स्टुडिओत काम केलं, पॅकेजिंगचे फोटो, मेनू, जाहिराती वगैरे. गेल्या दीडेक वर्षात बाहेरगावची, मधूनच परदेशातली शूट्स यायला लागली आणि रेट नेहमीच्या दीडपट मिळतो म्हणून तो हो म्हणत गेला. आता प्रत्येक ट्रिपनंतर पार गळून जातो, पोट बिघडतं, दोन-तीन दिवस फोन उचलावासा वाटत नाही. एकदा सुऱ्या आणि टॉर्चचा (पदार्थ वरून भाजायच्या ब्लो-टॉर्चचा) गॅस एअरपोर्टच्या सिक्युरिटीला गेला, एकदा लोकेशनवर पोचल्यावर कळलं की 'किचन' म्हणजे एक टेबल आणि एक इंडक्शन. लोकल असिस्टंट घ्यायला तो तयार नसतो कारण नवीन माणूस प्लेट बिघडवतो असा त्याचा अनुभव. घरी आजारातून उठलेले वडील आहेत, हा बाहेर असला की मोठी बहीण येऊन राहते, बोलत काही नाही, पण 'मी मजा मारायला जातो आणि ती राबते' हे त्याला टोचतं. मित्र म्हणतात नशीबवान आहेस, फुकटात फिरतोस, फुकटात खातोस. आता एका प्रॉडक्शन हाऊसने वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट पुढे केलंय, 'महिन्याला पंधरा दिवस आउटडोअर' (म्हणजे बाहेरगावी), उत्तर दोन आठवड्यांत हवंय. तो विचारतो, "ताई, नाही म्हटलं तर लिस्टमधून नाव कायमचं जाईल का? आणि हो म्हटलं तर मी टिकेन का? कधीकधी वाटतं ह्या लाइनच्या वरच्या लेव्हलला मी लायकच नाही."

अरे, ते शेवटचं वाक्य जरा बाजूला ठेवू आपण. बाकीचं पत्र मी नीट वाचलं आणि त्यात प्लेट बिघडली, क्लायंट वैतागला, शॉट परत घ्यायला लागला असं कुठेच सापडलं नाही. बॅग आहे, किचन आहे, झोप, पैसे, बहीण, सगळं आहे, पण हातातल्या कामाबद्दल एकही तक्रार नाही, तुझीही नाही आणि दुसऱ्या कुणाची पण नाही. मग लायकीचा प्रश्न आला कुठून? मला वाटतं तू स्टुडिओतल्या स्वतःशी लोकेशनवरच्या स्वतःची तुलना करतोयस. स्टुडिओत तुझा फ्रीज आहे, फोन केला की एकसारखी पानं निवडून ठेवणारा भाजीवाला आहे, तुझा हात ओळखणारी असिस्टंट आहे, आणि आदल्या रात्री तू आपल्या गादीवर झोपलेला असतोस. लोकेशनवर ह्यातलं काहीच नसतं, वरून अर्धा दिवस प्रवास, आणि तरी तू सकाळी सहाच्या कॉल टाइमला हजर राहून प्लेट लावून देतोस. हे कमी आहे का?

आणि बाहेरगावचं काम म्हणजे वरची लेव्हल हे कुणी ठरवलं? एअरपोर्टचा फोटो टाकता येतो आणि पॅकेजिंगच्या शूटचा टाकता येत नाही, कारण प्रॉडक्ट अजून बाजारात यायचं असतं आणि तू कागदावर सही केलेली असते. लोकांना एक काम दिसतं आणि दुसरं दिसत नाही, बस. माझ्या ओळखीतले जे स्टायलिस्ट पैशाने सगळ्यात निवांत आहेत त्यातल्या बऱ्याच जणांचं काम शहराबाहेर फारसं जातच नाही, पॅकेजिंग, कॅटलॉग, रेसिपी टेस्टिंग ह्यावर वर्ष निघतं त्यांचं.

आता मला जे खरं दुखणं वाटतं त्याकडे येते. मित्र तुला म्हणतात फिरायला मिळतं, प्रोड्यूसर पण तेच म्हणतो, आणि हळूहळू तू पण तेच धरून चाललायस. पुरावा म्हणजे तुझं बिल. तीन दिवस शूट केलं की तू तीनच दिवसांचं बिल लावतोस. मग मोज आता. एक दिवस जायचा, एक बाजारहाट आणि प्रेपचा (पूर्वतयारीचा), तीन शूटचे, एक परतीचा, आणि घरी आल्यावर अजून एक, ज्यात किट धुवायचं, सुकवायचं, काय संपलं ते लिहायचं, पावत्या लावायच्या. झाले सात. पैसे मिळाले तीन दिवसांचे, दीडपटीने, म्हणजे साडेचार दिवसांचे. तुझा रोजचा रेट १०० धरला तर ह्या सात दिवसांत दिवसाला ६४ पडले. ज्याला तू दीडपट म्हणतोस तो रेट खरं तर दोन तृतीयांशाच्या जवळपास आहे आणि त्यावर तू इतके दिवस खूश होतास (खूश नव्हतास म्हणा, म्हणूनच पत्र लिहिलंस).

कुणी म्हणेल की उरलेले चार दिवस घरी असता तरी रिकामेच गेले असते. असू शकतं. म्हणून तुझी डायरी काढ आणि गेल्या वर्षभरात ट्रिपच्या तारखांना शहरातली कोणती कामं सोडलीस ते बघ. काहीच सोडलं नसेल तर निदान पैशात तू तोट्यात नाहीयेस. दोन-चार बरी कामं गेली असतील, किंवा एखाद्या जुन्या क्लायंटने 'हल्ली तुम्ही नसताच' म्हणून दुसरा माणूस धरला असेल, तर हे बाहेरचं काम तुला महाग पडतंय.

आता ह्यावर मागायचं काय. दीडपट वगैरे सोडून दे. साधा रेट लाव, पण दिवस नीट मोज. शूटचे तीन पूर्ण, बाजार-प्रेपचा एक पूर्ण, प्रवासाचे दोन अर्ध्या रेटने. किती झाले? पाच. दीडपटीचे साडेचार होत होते. म्हणजे रेट वाढवला असं न दिसता तुला जास्त मिळतात, आणि प्रोड्यूसरला पण वरच्या ऑफिसात समजावायला सोपं जातं कारण प्रवासाच्या दिवसाचा अर्धा रेट ही काही जगावेगळी मागणी नाही, कॅमेऱ्याची माणसं कधीपासून घेतात. ह्याच्या वेगळं जेवण-भत्ता, जादा बॅगेचे पैसे, आणि बाजारासाठी आधीच हातात दिलेली रक्कम. स्वतःच्या खिशातून भाजी आणून मग महिनोन्महिने रिइम्बर्समेंटची वाट बघणं आधी बंद कर.

हाच हिशोब कॉन्ट्रॅक्टला लाव. 'महिन्याला पंधरा दिवस आउटडोअर' म्हणजे नक्की काय? शूटचे पंधरा की घराबाहेरचे पंधरा? शूटचे पंधरा असतील आणि तीन-तीन दिवसांची शूट्स असतील तर पाच ट्रिपा झाल्या, एकेक सात दिवसांची, झाले ३५. महिन्यात एवढे दिवस नसतातच, म्हणजे तुझा आरामाचा, धुण्याचा, प्रेपचा दिवस आपोआप उडणार आणि तू एका लोकेशनवरून थेट दुसऱ्या लोकेशनवर ओलं किट घेऊन जाणार. घराबाहेरचे पंधरा असतील तर महिन्याला दोन ट्रिपा, फार तर कधीतरी तिसरी छोटी, शूटचे दिवस सहा-सात. एकाच ओळीत दोन पूर्ण वेगळी आयुष्यं बसलीयत आणि तू नुसतं हो किंवा नाही म्हणायला निघालास! आधी हे मेलवर विचार. फोनवर नको, मेलवर. त्याच मेलमध्ये हे पण विचार की अडवून ठेवलेल्या तारखा ऐनवेळी रद्द झाल्या तर किती मिळणार, आणि वर्षभर दुसऱ्यांची कामं करता येणार की नाही.

नाव लिस्टमधून जाईल का, ही भीती मी हसण्यावारी नेत नाही, आपल्या लाइनमध्ये सगळं फोनवर आणि ओळखीवर चालतं. पण प्रोड्यूसर रात्री कशाला घाबरतो ते बघ. तुझ्या अर्ध्या दिवसाच्या पैशाला नाही. वीस-पंचवीस माणसं, भाड्याचे लाइट, भाड्याची जागा, सगळं खोळंबलंय कारण हिरो प्लेट (खऱ्या शॉटसाठी लावलेली प्लेट) तयार नाही, ह्याला तो घाबरतो. त्यामुळे जो माणूस दहा दिवस आधी विचारतो की फ्रीजर किती लिटरचा आहे, तो त्याला कटकट्या वाटत असला तरी हवा असतो. आणि प्रवासाचा अर्धा दिवस मागितला एवढ्यावरून ज्याने तुला काढलं तो पुढच्या वर्षी कुणी स्वस्तात मिळालं म्हणून तसाही काढणारच होता. एक मात्र खरं की काही जण जातील. एखाद-दोन कामं जातील. ती धरूनच चाल.

आता थोडं कामाचं, आणि हे फक्त तुझ्यासाठी नाही, ह्या लाइनमध्ये नवीन आलेल्या आणि पहिल्या आउटडोअरला निघालेल्या सगळ्यांसाठी आहे.

सिक्युरिटीला किट जाणं हे नशीब नाही, ते पॅकिंग आहे. बहुतेक विमानतळांवर हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वरची द्रवाची बाटली चालत नाही, आणि ग्लिसरीन, सिरप, तेल, सॉस, जेल हे सगळं त्यांच्या लेखी द्रवच, बाटली अर्धी रिकामी आहे हे सांगून उपयोग नसतो, ते बाटलीवरचा आकडा बघतात. सुऱ्या, कात्र्या, स्क्यूअर, पीलर, सिरिंजच्या सुया हे धारेला गार्ड लावून चेक-इनमध्ये. ब्युटेनचा, म्हणजे टॉर्चच्या गॅसचा डबा मात्र हातात पण नाही आणि चेक-इनमध्ये पण नाही. तो पोचल्यावर घ्यायचा आणि उरला तर तिथेच कुणाला तरी देऊन यायचं. रिकाम्या टॉर्चला सुद्धा गॅसचा वास येत असेल तर अडवू शकतात, त्यामुळे एअरलाइनला आधी विचार नाहीतर टॉर्च तिथलाच मागव. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्यांचं ह्याच्या बरोबर उलट, त्या फक्त हातातल्या बॅगेत. १०० वॉट-अवरपर्यंत (ही बॅटरीची क्षमता) साधारण विचारावं लागत नाही, १०० ते १६० मध्ये एअरलाइनची परवानगी लागते. आईस्क्रीमचं शूट असेल आणि ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) न्यायचा असेल तर माणशी २.५ किलो ही मर्यादा, ती पण आधी कळवून, आणि पेटी अशी हवी की गॅस बाहेर जाईल, कारण ड्राय आइस उणे ७८ अंशांना थेट वायू होतो आणि घट्ट झाकणाचा डबा फुटू शकतो. तीच पेटी गाडीतून नेताना काचा खाली ठेव, बंद गाडीत तो वायू साठतो.

वजनाचं म्हणशील तर एक भलीमोठी पेटी करू नकोस, बऱ्याच एअरलाइन्स ३२ किलोच्या वरची एक बॅग जादा पैसे दिले तरी घेत नाहीत, आणि ती हरवली की सगळंच हरवलं. दोन मध्यम बॅगा कर आणि दोन्हीत थोडं थोडं सगळं टाक. पहिल्या शॉटपुरतं सामान हातात ठेव: बोथट टोकाचे ट्वीझर, ब्रश, ड्रॉपर, छोट्या बाटलीत ग्लिसरीन, रिकामी स्प्रे बॉटल, इअर बड्स, ॲप्रन. एवढ्यावर बॅग दुसऱ्या दिवशी आली तरी पहिला दिवस निघतो. ग्लिसरीन-पाणी निम्मं-निम्मं करून काचेवर थेंब लावायचे ते तर कुठेही होतं, आणि मलूल पानं बर्फाच्या पाण्यात ताजी करायला भांडं सोडून काही लागत नाही.

परदेशात जाताना प्लगचा ॲडॅप्टर घेतला की झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. ॲडॅप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्टेज नाही. २३० व्होल्टची २००० वॉटची हीट गन ११५ वर लावलीस तर ती साधारण ५०० वॉटचीच उरते, चीज वितळायचं नाव घेणार नाही, आणि कमी व्होल्टची गन जास्त व्होल्टवर लावलीस तर धूर. अशी उपकरणं तिथली भाड्याने घ्यावीत. महागडे प्रॉप्स, मशिन असं बरंच न्यायचं असेल तर प्रॉडक्शनला 'एटीए कार्नेट' नावाचा कस्टम्सचा कागद काढायला सांग, जे देश तो मानतात तिथे व्यावसायिक सामान ड्युटी न भरता तात्पुरतं नेऊन परत आणता येतं, एका कार्नेटची मुदत एक वर्षापर्यंत असते, पण वापरून संपणाऱ्या वस्तू त्यात बसत नाहीत. मांस, दुधाचे पदार्थ, ताजी फळं, बिया हे तर सोबत न्यायचा विचारच करू नये, सीमेवर अडकतं.

किचनबद्दल तुला राग आलाय तो बरोबर आहे, पण रागाऐवजी प्रश्न पाठव. फोटो मागू नकोस, फोटोत सगळी किचन छान दिसतात, फोन हातात घेऊन चालत चालत काढलेला व्हिडिओ माग, सेटपासून किचनपर्यंतचा. त्यात बघायचं की सिंक आहे का आणि नळाला पाणी येतं का, फ्रीजर वेगळा आहे का आणि तो फक्त आपल्याला मिळणार का, बर्नर किती, टेबलाची उंची किती (बुटक्या टेबलावर दिवसभर वाकून पाठ जाते), आणि ओव्हन विजेच्या ज्या लाइनवर लागणार तिच्यावरच लाइट्स आहेत का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो आणि मग बरोबर मेन शॉटला वीज जाते. डोंगरात शूट असेल तर उंची विचार. दर ३०० मीटरला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं, २००० मीटरवर ९३ च्या आसपास, त्यामुळे शिजायला वेळ लागतो आणि केक भराभर फुगून खाली बसतो. समुद्रकाठी वेगळाच ताप, दमट हवेत साखरेचं काम चिकट होतं आणि कुरकुरीत वस्तू बघता बघता मऊ पडते, तिथे कुरकुरीत शॉट्स एसी खोलीत आणि शक्यतो सकाळी लावायला सांग. हे शेड्यूल ठरायच्या आधी बोललास तर ऐकतात, सेटवर बोललास तर ती सबब वाटते.

क्लायंटचं प्रॉडक्ट कोण पाठवणार हे पण लिहून घे. जाहिरातीत जे विकायचंय ते खरं असावं लागतं, त्याला दुसरं काही लावून चालत नाही. १९७० मध्ये अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने कॅम्पबेल सूपच्या जाहिरातींवरून कारवाई केली होती, वाटीच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकून भाज्या वर आणल्या होत्या म्हणून. सूप त्यांचंच होतं बरं का, तरीही. तेव्हा पाकिटं कुरिअरमध्ये अडकली तर 'लोकल काहीतरी बघ' हे तुझ्या गळ्यात पडायला नको. लागतं त्याच्या तिप्पट मागव, आणि सगळी एकाच खोक्यातून नको.

लोकल असिस्टंटबद्दल मात्र मला तुझं अजिबात पटलं नाही. नवीन माणूस प्लेट बिघडवतो, मान्य, मग त्याला प्लेटला हात लावू देतो कशाला? त्याचं काम वेगळं. कुठल्या बाजारात पहाटे काय मिळतं, एका आकाराची चाळीस टोमॅटो कोण देईल, भाषा, भाव, गाडी, टॉर्च, आइस बॉक्स, हे सगळं त्याला माहीत असतं आणि तुला नसतं. धुणं, निवडणं, स्टँड-इन प्लेट लावणं त्याच्याकडे दे. लाइट लागेपर्यंत कॅमेऱ्यासमोर स्टँड-इनच असते, ती थोडी वाकडी असली तरी काही बिघडत नाही, तेवढ्यात तू शांतपणे हिरो लाव. तू एकटा बाजार पण करतोस, भांडी पण घासतोस आणि हिरो पण लावतोस, मग गळून जाणार नाही तर काय होणार? असिस्टंटचा रेट बजेटमध्ये वेगळी लाइन म्हणून टाक, 'माझ्यात ॲडजस्ट करतो' म्हणू नकोस.

पोटाबद्दल मला एक शंका आहे, चुकत असेन तर सोडून दे. तू दिवसभर काही जेवत नसणार आणि मधूनच सेटवरचंच काहीतरी तोंडात टाकत असणार. लाइटखाली बसलेलं अन्न म्हणजे ५ ते ६० अंशांच्या मधलं अन्न, जंतू वाढायला अगदी सोयीचं, दोन तासांच्या वर तसं राहिलेलं काही खायचं नाही, तू पण नाही आणि क्रूने पण नाही. शॉट संपला की प्लेटवर 'खाऊ नये' अशी पट्टी लावायची सवय लाव, नाहीतर स्पॉट बॉय उचलतातच बिचारे. आणि जेवणाच्या ब्रेकला जेवायला बस. ब्रेकमध्ये प्रेप करावं लागतंय म्हणजे प्रेपचा दिवस कुठेतरी कापला गेलाय.

आता बहीण. तिच्याबद्दल तू एवढं लिहिलंस पण ती काय म्हणाली ह्याची एक ओळ नाही, कारण तू तिला विचारलेलंच नाहीस, बरोबर ना? तिने काय विचार केला असेल हे तूच ठरवलंस आणि त्याचं वाईटही तूच वाटून घेतलंस. तिला कॉल शीट (शूटच्या दिवसाचं वेळापत्रक) दाखव. सकाळी सहा ते रात्री नऊ, उभ्याने. दाखवायचं ते सहानुभूती मिळवायला नाही, तर दोघांनी मिळून तारखा ठरवायला. तिला कुठले दिवस जमतच नाहीत, कुठले जमतात, किती दिवस सलग जमतं, हे कॉन्ट्रॅक्टच्या आधी कळायला हवं, नंतर नाही. ज्या दिवसांना जमत नाही त्या दिवसांसाठी पगारी मदतनीस ठेव आणि तो खर्च तुझ्या ट्रिपच्या हिशोबात धर, कारण तो त्या ट्रिपमुळेच होतोय. येताना तिच्यासाठी भेटवस्तू आणून विषय मिटवत असशील तर तो मिटत नाहीये. आणि वडिलांना विचारलंस का रे? आजारातून उठलेत म्हणतोस, म्हणजे बोलता-चालता माणूस आहे घरात. त्यांना कोण सोबत हवं, किती हवं, हे त्यांना विचारल्याशिवाय तुम्ही दोघं भाऊ-बहीण आपापल्या मनात ओझं वाहताय.

तर मग हो की नाही? जसं आहे तसं सही करू नकोस, हे माझं स्पष्ट मत. सरळ नाही म्हणायचं असेल तर तोही रस्ता आहे, त्यात कमीपणा काही नाही, पण आज नाही म्हटलंस तर ते दमलेल्या माणसाचं नाही असेल आणि मला त्याच्यावर विश्वास नाही. तुला प्रवास आवडत नाही की असा प्रवास आवडत नाही, हे तुलाही अजून माहीत नाहीये, कारण नीट प्रेप डे, असिस्टंट आणि फ्रीज असलेली ट्रिप तू केलेलीच दिसत नाही. म्हणून मी म्हणेन वर्षाऐवजी तीन महिने माग, पंधरा दिवस म्हणजे घराबाहेरचे पंधरा असं लिहून घे, एकाला लागून दुसरी ट्रिप नको, मध्ये निदान तीन दिवस घरी. तीन महिन्यांनी दोन्ही बाजूंनी बघू. ते म्हणाले वर्षच हवं, नाहीतर नको, तर मग माझ्या मते सोड, आणि सोडताना अशी दोन नावं सुचव ज्यांना खरंच फिरायला आवडतं, प्रोड्यूसर हे विसरत नाहीत. तीन महिने झाले आणि सगळी सोय असूनही सुटकेस बघून पोटात गोळा येत असेल, तर मग तुला उत्तर मिळालं, स्टुडिओत परत ये. लहान मूल असलेल्या, किंवा घरात कुणी आजारी असलेल्या ज्यांनी ह्याच विषयावर मला आधी लिहिलंय त्यांना पण मी हेच सांगेन, आधी मर्यादित मुदतीचं काम, तारखा घरच्यांशी बोलून, आणि मग पुढचं.

दोन आठवड्यांपैकी पहिले दोन-तीन दिवस डायरी आणि हिशोबात घाल, मग घरी बोल, मग तो मेल पाठव. उत्तर यायला वेळ लागला तर घाबरून 'तसं काही नाही, मी ॲडजस्ट करीन' असा दुसरा मेल टाकू नकोस, तुझा स्वभाव पत्रातून कळतोय म्हणून सांगते. आणि ठरलंच, तर ॲडव्हान्स खात्यात आल्याशिवाय पहिलं तिकीट स्वतःच्या कार्डावर काढायचं नाही.